गैरवर्तन असल्यास

शालेय खो-खोच्या सामन्यांना मी पंच म्हणून उभी राहते, त्याला आता बारा वर्षं झाली. इतक्या वर्षांत किती अहवाल भरले ते मोजलेलं नाही, पण पहिली दहा वर्षं त्यातल्या प्रत्येकाच्या सातव्या रकान्यात काय लिहिलं होतं ते मी डोळे मिटून सांगू शकते. सातवा रकाना असा असतो: ‘खेळाडू, मार्गदर्शक अथवा प्रेक्षकांकडून गैरवर्तन असल्यास त्याचा तपशील’. आणि त्यापुढे लिहायचं, ‘निरंक’. शाळेत नोकरी करणाऱ्या माणसाला हा शब्द फार प्रिय. ‘काही नाही’ असं लिहिलं तर वरचा साहेब विचारतो, काही नाही म्हणजे काय? निरंक लिहिलं की कोणी काही विचारत नाही.

आमच्याकडे तर हा रकाना सामना सुरू व्हायच्या आधीच भरलेला असे. त्यात लबाडी नव्हती, सोय होती. सामना संपला की हरलेल्या संघाचे सर मिळेल त्या काळी-पिवळी जीपमध्ये मुली कोंबून घरचा रस्ता धरतात. मग त्यांची सही कोणी आणायची? म्हणून सकाळी नऊ वाजता, मैदानावर फक्कीच्या रेघा मारणं चालू असतानाच, सरपंच सगळे अहवाल पुढ्यात घेऊन बसत. खो-खोत पंचांच्या वरच्या अधिकाऱ्याला सरपंच म्हणतात, आणि गावच्या सरपंचाइतकाच त्यालाही सगळ्यांना सांभाळून घ्यायची सवय असते. आमचे सरपंच म्हणजे एक गोल, हसतमुख मुख्याध्यापक. गुणांची आणि वेळेची जागा कोरी, सातव्यात निरंक, आठव्यात ‘सामना खेळीमेळीच्या वातावरणात पार पडला’, खाली दोन्ही मार्गदर्शकांच्या सह्या. आलूपोहे खाता खाता ते असे वीस अहवाल सहज हातावेगळे करत. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो हे माझ्या नवऱ्यापासून सहावीच्या वर्गापर्यंत कोणीही सांगेल, पण कागदपत्रांच्या बाबतीत मी फार समजूतदार होते. मीही सही ठोकून मोकळी व्हायची.

ही गोष्ट दोन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरातली. चौदा वर्षांखालच्या मुलींची जिल्हास्तरीय स्पर्धा देवळीच्या रस्त्यावरच्या एका मैदानावर होती. अंतिम सामन्यात एका बाजूला शहरातली एक मोठी शाळा होती आणि दुसऱ्या बाजूला गिरडच्या अलीकडच्या एका खेड्यातली शाळा. ती शाळा माझी. म्हणजे आता मी सेलूला गणित शिकवते आणि वर्ध्यात राहते, पण दहावीपर्यंत मी तिथेच होते. आणि त्या संघाचे मार्गदर्शक होते मला खो-खो शिकवलेले सर. माझ्याच शाळेच्या सामन्याला मी पंच कशी, असं कोणी विचारेल. आमच्या जिल्ह्यात कोणत्याच संघाशी संबंध नसलेला पंच हवा असेल तर तो चंद्रपूरहून मागवावा लागेल. कोणी कोणाचा साळा असतो, कोणी कोणाची विहीण, आणि उरलेले सगळे कोणाचे ना कोणाचे विद्यार्थी. त्यामुळे हा प्रश्न आमच्याकडे कोणी काढत नाही.

सरांबद्दल थोडं सांगायला हवं. उंच, काटकुळे, डोक्यावर पांढरी टोपी, पायात निळे कॅनव्हासचे बूट. त्या डिसेंबरात ते निवृत्त होणार होते. आम्ही शाळेत असताना ते आम्हाला पहाटे गिरडच्या टेकडीवर, दर्ग्याच्या पायऱ्यांवरून पळत वर न्यायचे. वर पोचलं की प्रत्येकीच्या हातावर गुळाचा खडा आणि मूठभर शेंगदाणे ठेवायचे. जी शेवटी पोचेल तिला गुळाचा खडा मोठा. त्यामुळे शेवटून दुसरी येण्यात आम्हाला काही रस नव्हता, आणि हे सरांना कधीच कळलं नाही असं आम्ही समजत होतो.

नववीत माझा घोटा मुरगळला आणि वर्षभर खेळ बंद झाला. मी रडत बसले तर सरांनी एक वही हातात दिली. म्हणाले, रेषेबाहेर बस अन् जे दिसते ते लिही. पहिल्याच दिवशी मी लिहिलं, ‘तिने मुद्दाम धक्का मारला.’ सरांनी वही वाचली आणि विचारलं, “धक्का तं मीबी पाह्यला. हे मुद्दाम तुले कुठी दिसलं?”

“तिच्या तोंडावर दिसत होतं सर.”

“असं? कोन्त्या रंगाचं होतं मुद्दाम?”

सरांनी त्या शब्दावर रेघ मारली. “जे पाह्यलं ते लिहिजो. जे वाटलं ते घरी आईले सांगजो.”

वर्षभरात त्या वहीतले माझे किती शब्द त्यांनी खोडले! उद्धट, मस्तीखोर, मुद्दाम, जाणूनबुजून, सगळे बिनरंगाचे. पुढे मी पंचांची परीक्षा दिली आणि पहिल्या फटक्यात पास झाले, ती त्या वहीच्या जोरावर. तर असे हे सर, आणि त्यांच्या अंतिम सामन्याला मी पंच.

सामना रंगला. शेवटचा डाव, सरांच्या मुली पाठलाग करत होत्या. ज्यांना खो-खो आठवत नसेल त्यांच्यासाठी सांगते: मैदानाच्या मधल्या पट्टीत आठ मुली उकिडव्या बसतात, एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे. नववी पळते. तिने बसलेल्या मुलीच्या पाठीला हात लावून ‘खो’ म्हटलं की बसलेली उठते आणि ती तिच्या जागी बसते. खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही, उठलं की फाऊल. सरांच्या शाळेत तर हे वेदवाक्य होतं. ते म्हणायचे, “दोनच गोष्टीनं उठायचं. एक खो, दुसरी पंचाची लांब शिट्टी. मैदानाले आग लागली तरी बसून राहा.”

अर्ध्या मिनिटाहून कमी वेळ उरला होता. एक गुण मिळाला असता तर बरोबरी झाली असती आणि जादा डाव खेळवावा लागला असता. शहरातल्या शाळेची मुलगी माझ्या कोपऱ्यात अडकली, हुलकावणी देताना तोल गेला आणि ती रेषेवर गेली. दोन्ही पाय रेषेबाहेर गेले तर बाद. मला तिची एक टाच आत दिसली. मी हात हलवला, बाद नाही.

दुसऱ्या टोकाच्या खांबाकडून सर मैदानात आले. पळत नाही, चालत. मार्गदर्शकाला मैदानात यायची परवानगी नसते, हे त्यांनीच मला शिकवलेलं.

“पंच मॅडम,” ते म्हणाले, “पोट्टी बायर होती. दोन्ही पाय बायर होते.”

आयुष्यात पहिल्यांदा ते मला मॅडम म्हणाले. तेच मला लागलं असावं. मी मागचापुढचा विचार केला नाही. “सर, चष्म्याचा नंबर तपासून घ्या,” मी म्हटलं, “डिसेंबरानंतर वेळच वेळ मिळणार आहे.”

माझा आवाज वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जातो. मैदानावर तो मांडवापर्यंत गेला. लोक हसले. मांडवात बसलेले दहा-पंधरा शिक्षकही हसले, आणि त्यातले निम्मे सरांचेच विद्यार्थी होते. सरांनी पायातले बूट काढले, रेषेबाहेर नीट जोडीने ठेवले, आणि खांबाजवळ मधल्या पट्टीत मांडी घालून बसले.

सरपंच धापा टाकत आले. “सर, उठा न. असं काय करून राह्यले?”

“मी काईच करून नाई राह्यलो,” सर म्हणाले. “मी बसून राह्यलो.”

सेवाग्राम आमच्यापासून किती जवळ, बसून राहायची विद्या या जिल्ह्याला कोणी शिकवावी लागत नाही. सरपंचांनी हात जोडले, पाणी आणून दिलं, प्रेक्षकांत बसलेल्या एका म्हाताऱ्या मास्तरांना मध्यस्थीला आणलं. सर पाणी प्याले आणि बसून राहिले. मी कोपऱ्यात कमरेवर हात ठेवून उभी, मनातल्या मनात अहवाल लिहीत होते, आणि त्यात निरंक हा शब्द कुठेही नव्हता.

अकरा मिनिटांनी सरांची नजर पट्टीवरून फिरली. त्यांच्या आठही मुली तशाच उकिडव्या बसलेल्या होत्या. कोणीच उठली नव्हती. नववी, जिच्याकडे पाठलाग होता, ती जागच्या जागी उभी होती. खांबाजवळची, दोन वेण्यांची बारीकशी पोर तर सरांपासून हातभर अंतरावर होती, आणि तिची मांडी लटलटत होती. ती खाली बघत होती आणि रडत नव्हती. सरांनी ते पाहिलं मात्र, ते उठले, बूट हातात घेतले आणि अनवाणीच मैदानाबाहेर गेले. सामना पुढे चालू झाला. उरलेल्या सेकंदांत कोणी बाद झालं नाही, आणि सरांच्या मुली एका गुणाने हरल्या.

मी तरातरा मांडवात गेले. सरपंचांनी सकाळचा अहवाल पुढे केला. निरंक, खेळीमेळीचे वातावरण, खाली सरांची टपोरी सही.

“गुण अन् वेळ भरा, झालं,” ते म्हणाले.

“हा फाडा,” मी म्हटलं. “मला कोरा फॉर्म द्या.”

“मॅडम, जाऊ द्या न. दीड महिन्यात माणूस रिटायर होते. काऊन त्याच्या शेवटाले डाग लावता?”

मी ऐकणाऱ्यांतली नव्हते. कोरा फॉर्म घेतला आणि सातव्या रकान्यात लिहायला बसले. रकाना पुरेना, मागच्या पानावर गेले. ‘मार्गदर्शकांनी अत्यंत उद्धटपणे’, ‘हेतुपुरस्सर’, ‘संपूर्ण मैदान वेठीस धरून’, ‘या वयात न शोभणारे’, असं दीड पान झालं. लिहून मला मोठं समाधान वाटलं.

तेवढ्यात जिंकलेल्या शाळेचे मुख्याध्यापक आले. जिंकल्यावर माणसाने पेढे वाटावेत. यांच्या हातात अर्ज होता. प्रतिस्पर्धी संघाने खेळण्यास नकार दिला, सबब नियमानुसार त्या संघावर पुढील वर्षाकरिता बंदी घालावी. सरपंचांनी तो अर्ज घेतला, पोहोच दिली, आणि ते गेल्यावर नियमांची पुस्तिका उघडून मला दाखवली. मार्गदर्शकाने अडथळा आणला तर शिक्षा मार्गदर्शकाला. संघाने खेळायला नकार दिला तर शिक्षा संघाला, एक वर्ष बाहेर.

“म्हून म्हनतो, निरंकच राहू द्या,” सरपंच म्हणाले. “आपला कागद साफ तं त्यायचा अर्ज कोन इचारते?”

मी गणिताची बाई. मला ते उलटं दिसलं. आमचा कागद म्हणतो काही झालं नाही, आणि त्यांचा अर्ज म्हणतो संघाने नकार दिला. अकरा मिनिटं सामना थांबलेला दोनशे लोकांनी पाहिला होता. मग समिती कोणता कागद खरा मानेल? जो काहीतरी सांगतो तोच. म्हणजे माझं निरंक त्या आठ मुलींना वर्षभर घरी बसवणार. आणि माझं दीड पान? ते मी परत वाचलं. त्यात उद्धट होतं, हेतुपुरस्सर होतं, वय होतं. मुली कुठेच नव्हत्या. समितीला त्यावरून संघाने नकार दिला की नाही ते कळलंच नसतं. दीड पान लिहून मी मुलींच्या उपयोगाचा एक शब्द लिहिला नव्हता.

कोन्त्या रंगाचं होतं मुद्दाम?

मी तिसरा फॉर्म मागितला. सरपंचांनी फॉर्मचा गठ्ठाच माझ्यापुढे ठेवला आणि ते जिलेबी खायला गेले. या वेळी चारच ओळी झाल्या. मार्गदर्शक मैदानात आले. ‘पोट्टी बायर होती’ हे त्यांचे शब्द त्यांच्याच बोलीत लिहिले. खांबाजवळ मधल्या पट्टीत बसले. वेळाधिकाऱ्याच्या नोंदीप्रमाणे सामना अकरा मिनिटं थांबला. आणि चौथी ओळ: या संपूर्ण काळात पट्टीत बसलेल्या आठही मुली जागेवरून उठल्या नाहीत, नववी खेळाडू मैदानातच उभी होती.

आता सही हवी होती. मैदानाच्या फाटकाशी सर मुलींना घेऊन गाडीची वाट बघत उभे होते. कोणीतरी पेरूंची पिशवी आणली होती आणि मुली मीठ लावून पेरू खात होत्या. हरलेल्या मुली अर्ध्या तासात इतक्या आनंदात कशा असतात हे मला अजून समजलेलं नाही. ती दोन वेण्यांची मांडी चोळत कट्ट्यावर बसली होती.

मी कागद पुढे केला. सरांनी वरच्या खिशातला चष्मा काढला, माझ्याकडे बघून तो डोळ्यांवर चढवला, आणि वाचलं. मला वाटलं, आता कागद परत भिरकावतील.

“चांगलं लिहिलं,” ते म्हणाले. “पन एक ओळ कमी आहे.”

“कोणती?”

“तुले मालूम आहे.”

मला माहीतच होतं. लिहिताना तीन वेळा मी त्या जागेवरून उडी मारून पुढे गेले होते. सर मैदानात आले आणि सर बसले, या दोन्हींच्या मध्ये एक चष्मा होता, तो मी गाळला होता. तो लिहिला तर प्रकरण माझ्यावरही येणार होतं. पंचाने मार्गदर्शकाचा अपमान करणं हेही गैरवर्तनच. शिवाय नागपूरच्या विभागीय स्पर्धेसाठी पंचांच्या यादीत माझं नाव जवळजवळ पक्कं होतं. मी त्यासाठी पांढरेशुभ्र बूट घेऊन ठेवले होते आणि घरात घालून फिरतही होते.

“सर, मी चुकले,” मी म्हटलं. हे मला आधीच म्हणायला हवं होतं.

“ते मले नको सांगू. तिथं लिही.”

कट्ट्यावर कागद ठेवून मी लिहिलं. चष्म्याचं वाक्य, डिसेंबरासकट, जसंच्या तसं. प्रेक्षक हसले हेही लिहिलं. लिहून मान वर केली तर समोर ती मांडी चोळणारी मुलगी. मग मला दुसरी गोष्ट दिसली, जी सरांनाही सुचली नव्हती.

“तू उठली का नाहीस गं?” मी तिला विचारलं. “सामना थांबला होता ना?”

“तुमी लांब शिट्टी कुठी वाजवली मॅडम?” ती म्हणाली. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती.

खरंच वाजवली नव्हती. सामना थांबवायचा तर पंचाने लांब शिट्टी द्यायची, म्हणजे खेळाडू उठून मोकळे होतात. मी भांडणात इतकी गर्क होते की शिट्टी गळ्यात तशीच लटकत राहिली. दोन मास्तर एकमेकांवर रुसून बसले आणि आठ पोरी अकरा मिनिटं उन्हात उकिडव्या. मला इतकी शरम वाटली की ती पोर पेरू पुढे करत होती तोही घेता येईना. मी सहावी ओळ लिहिली: पंचांनी सामना थांबल्याची शिट्टी दिली नाही.

सरांनी ती वाचली. बराच वेळ वाचली, एवढी छोटी ओळ. मग कट्ट्यावर कागद ठेवून त्यांनी सही केली.

“एक झेरॉक्स मले देजो,” ते म्हणाले. आणि गाडीत बसता बसता, “अन् आयक. पोट्टी बायर होती.”

“आत होती सर.”

“बायर होती.”

काळी-पिवळी गेली. सरपंचांनी माझा अहवाल जिलेबीच्या बोटांनी वाचला आणि विचारलं, “मॅडम, हे सरायच्या विरोधात आहे का तुमच्या?” मी म्हटलं, कोणाच्याच विरोधात नाही, झालं ते लिहिलं आहे. त्यांनी मान डोलावली आणि कागदाला तुपाचं एक बोट लावून तो पाकिटात घातला.

तीन आठवड्यांनी समितीने वर्ध्याला आम्हा दोघांना बोलावलं. आम्ही बाहेरच्या बाकावर शेजारी शेजारी बसलो होतो, वर्गाबाहेर काढलेल्या पोरांसारखे. सरांनी पिशवीतून दोन संत्री काढली, एक मला दिलं. आत गेल्यावर अध्यक्षांनी अहवाल वाचला, मग अर्ज वाचला, मग पुन्हा अहवाल. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला: मुली उठल्या नाहीत हे तुम्ही स्वतः पाहिलं? मी म्हटलं, पाहिलं. सरांनाही एकच विचारलं: यातलं काही नाकबूल आहे? सर म्हणाले, “एक टाच सोडून सगळं कबूल.”

निकाल लागला तो असा. ज्या संघातली एकही मुलगी आपल्या जागेवरून हलली नाही त्या संघाने खेळायला नकार दिला असं म्हणता येत नाही, म्हणून अर्ज फेटाळला. सरांना एक वर्ष मैदानात मार्गदर्शक म्हणून बसायला मनाई. हे ऐकून सर मनापासून हसले, कारण त्या वर्षातले त्यांच्या नोकरीचे वीस दिवस उरले होते. मला लेखी समज, आणि त्या वर्षी विभागीय यादीतून नाव कमी. ते पांढरे बूट मी भाजी आणायला वापरले. पण त्या आठ मुली पुढच्या वर्षी खेळायला आल्या आणि उपांत्य सामन्यात हरल्या. ती पाठलागाची नववीही होती, तीच आता संघाची कर्णधार होती. सातवा रकाना मी आता सामना संपल्यावर भरते. त्यासाठी मला काळी-पिवळीच्या मागे पळावं लागतं, आणि सरपंच म्हणतात की मॅडमचं वजन कमी झालं ते बरं झालं.

त्याच डिसेंबरच्या शेवटच्या दिवशी शाळेत सरांचा निरोप समारंभ होता. मी सेलूहून अर्धी रजा टाकून गेले. अंगणात मंडप, समोर सतरंजीवर सगळी शाळा, पहिल्या ओळीत खो-खोच्या मुली. शाल झाली, श्रीफळ झालं, भाषणं सुरू झाली. सरांनी उभ्या आयुष्यात कधी आवाज चढवला नाही, असं एक जण म्हणाले. सरांचा कधी कोणाशी वाद झाला नाही, असं दुसरे म्हणाले. आमचे सरपंचही पाहुणे म्हणून आले होते. ते म्हणाले की सरांच्या संघाचे सामने नेहमीच खेळीमेळीच्या वातावरणात पार पडले. मी खाली मान घालून ओठ चावत होते.

सर बोलायला उभे राहिले. “सगळ्यायनं निरंक लिहिलं माह्या नावापुढं,” ते म्हणाले, आणि खिशातून घडी केलेला कागद काढला. तो माझा अहवाल होता. त्यांनी चष्मा लावला, तो दोन बोटांनी नीट बसवला, मांडवातल्या ज्या लोकांना माहीत होतं ते हसले, आणि त्यांनी अहवाल पहिल्यापासून वाचला. आपण मैदानात गेलो तो भाग वाचला. माझं वाक्य वाचलं, आणि मला तोंड लपवायला पदर कमी पडला. मुलींच्या ओळीपाशी आले तेव्हा त्यांचा आवाज घसरला. पहिल्या वेळी पुरी झाली नाही, म्हणून त्यांनी ती परत वाचली. पस्तीस वर्षांत आपल्याबद्दल लिहिलेला हा एकच कागद आपण जपून ठेवणार आहोत, असं ते म्हणाले, आणि तो आपल्या नावाचा असला तरी त्यात चांगलं वागलेल्या या पोरीच आहेत.

मग ते व्यासपीठावरून खाली उतरले. अंगावर शाल, एका हातात नारळ. पहिल्या ओळीच्या टोकाला ती दोन वेण्यांची बसली होती, तिच्यापाशी येऊन ते वाकले आणि म्हणाले, “त्या दिवशी राह्यला होता. खो.”

ती उठली नाही.

“सर,” ती म्हणाली, “पाठीले हात नाई लागला.”

शालीच्या आत हात अडकल्यामुळे तो खरंच तिच्या पाठीपर्यंत पोचला नव्हता. तेवढ्यात पहिल्या ओळीतल्या सगळ्या मुलींनी एकदम वळून माझ्याकडे पाहिलं. मग सरांनीही पाहिलं. माझे डोळे भरलेले होते, पण ते बाजूला ठेवून मी जे पाहिलं ते सांगितलं.

“फाऊल,” मी म्हटलं.

सरांनी वाद घातला नाही. नारळ सतरंजीवर ठेवला, शाल खांद्यावर टाकली, वळसा घालून तिच्या मागे गेले, तिच्या पाठीवर पूर्ण पंजा ठेवला आणि खणखणीत आवाजात खो दिला. मग ती उठली.